ताईचा सतरा नंबरचा फॉर्म

मी पाली घेतली ती काही धर्मावरच्या प्रेमानं नाही. आर्णीच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं तेव्हा पुढच्या वर्गातल्या पोरींनी सांगितलं, पाली घे, मार्क पडतात. आमचं घर बौद्धांचं, विहारातली वंदना लहानपणापासून तोंडपाठ. म्हणजे अर्धा पेपर तर आपल्याला येतोच, असं मी धरून चालले होते. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर आठ विभक्त्या लिहिल्या आणि माझी हवाच गेली.

शब्द चार प्रकारचे, सर म्हणाले. नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आख्यात म्हणजे क्रियापद. उपसर्ग त्याच्या पुढं लागतो. निपात कुठंही बसतो, पण स्वतः कधी बदलत नाही. आणि नामाचं काय? नामाचं प्रत्येक विभक्तीत रूप वेगळं, एकवचनाचं वेगळं, अनेकवचनाचं वेगळं. मी वहीत उतरवून घेतलं आणि मनात म्हटलं, मेले आता.

ताई माझ्याहून दोन वर्गांनी पुढं होती. दहावीला तिला माझ्यापेक्षा कितीतरी चांगले मार्क होते. पण तिची दहावी झाली त्याच वर्षी बाबांचं जिनिंगमधलं काम सुटलं. कापसाचे दिवसच वाईट होते. एक वर्ष बोंडअळी, एक वर्ष पावसाची दांडी, जिनिंगला मालच येईना. बाबा वीटभट्टीवर काम शोधायला हैद्राबादकडं गेले. मायसोबत मजुरीला कोणीतरी जायला पाहिजे होतं. ताई मोठी होती, ती गेली. तिला कोणी विचारलं नाही. मलाही विचारलं नाही, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मात्र मलाही कापूस वेचायला जावं लागे. पऱ्हाटीच्या दोन ओळी शेजारी शेजारी, एकीत मी, एकीत ताई, कंबरेला ओटी बांधलेली. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत रुतायची, मी दर पाच मिनिटांनी बोट तोंडात घालायची. सोमवारी चाचणी होती, म्हणून मी पुटपुटत होते. बुद्धो, बुद्धा. बुद्धं, बुद्धे. पुढं अडायची, परत पहिल्यापासून सुरू करायची. ताईला ते सहन होईना.

"काय करून राह्यली वं तू? एकच ओळ किती वेळा?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग असं कर. एका ओळीले एक विभक्ती. ओळ सरेपर्यंत दुसरी म्हणाची नाई."

तसं ठरलं. एक ओळ पठमा, दुसरी ओळ दुतिया. मी एकवचन म्हणायची, ताई पलीकडून अनेकवचन ओरडायची. संध्याकाळपर्यंत आम्ही सत्तमीला पोचलो. पाठीमागून वेचत येणाऱ्या बाया हसायच्या, "ह्या पोरी कापूस वेचून राह्यल्या का वंदना घेऊन राह्यल्या?" सोमवारच्या चाचणीत मला वीसपैकी सतरा मिळाले. घरी आले तर ताईनं आधी विचारलं, तीन कुठं गेले.

पुढं तिनं माझं पुस्तकच ताब्यात घेतलं. भाकरी थापताना चुलीजवळ उघडं ठेवायची. पानांना धुराचा वास, समासात तिखटाचं बोट. मी भांडायची, ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. गच्छामि, गच्छाम, गच्छसि, गच्छथ हे तिनं एका संध्याकाळी पाठ केलं, आणि मग तवा खाली उतरवून माझ्याकडं बघत बसली.

"म्हंजे आपण विहारात रोज गच्छामि म्हणतो, तं ते 'मी जाऊन राह्यली' असंच हाय? मले वाटे मंत्र हाय. हे तं साधं बोलणं हाय वं."

मला त्यात काय एवढं ते कळेना. मी म्हटलं, हो, मग? ती हसली आणि तवा परत ठेवला.

चिडवायची भारी. मी वेचताना मागं पडले की म्हणायची, "तू निपात हायस. कोणी कितीबी ओरडो, तुह्यात फरक पडत नाई." मायच्या मागं मागं करत मी काही मागायला गेले की, "हे पाह्य, उपसर्ग आला. एकटा काई कामाचा नाई, कोणाच्या तरी पुढं लागूनच राह्यते." मायला काही कळायचं नाही, पण ताई हसली की ती पण हसायची. त्या हिवाळ्यात आमच्या घरी एवढं हसू होतं, हे आता मला खोटं वाटतं.

मी बारावीत गेले. त्या पावसाळ्यात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला आमच्या गावच्या विहारात एक दिवस पालीचे सर आले. वाचन झाल्यावर त्यांनी पोरापोरींना सहज दोन-चार प्रश्न विचारले. मला छट्ठीचं, म्हणजे षष्ठीचं, अनेकवचन विचारलं. मी छताकडं बघत राहिले. बायांच्या रांगेतून ताई हळूच म्हणाली, "बुद्धानं." सरांनी तिला पुढचं विचारलं, मग त्याच्याही पुढचं. तिनं सगळं सांगितलं, मान खाली घालून, साडीच्या पदराशी चाळा करत. सर माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझ्यापेक्षा हिचं पक्कं आहे. हिला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लाव. तुझ्याबरोबर बारावी देऊन टाकेल."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा. सर सगळ्यांसमोर बोलले होते. माय दारापाशी बसली होती, तिनं दोन्ही हात जोडले.  घरी आल्यावर ताई मला म्हणाली, "फारम कधी आणतं?"

मी आणला. बाजाराच्या दिवशी ती आर्णीला फोटो काढायला आली, माझी कॉलेजची निळी ओढणी घेऊन. त्याआधी तिचा एकटीचा फोटो कधी निघालाच नव्हता. स्टुडिओवाला हसा म्हणाला, तर ती आणखीच गंभीर झाली. चार कॉप्या निघाल्या. एक फॉर्मवर चिकटवली आणि बाकीच्या तिन्ही तिनं पाकिटात घातल्या. "राहू दे, कमी नको पडाले." सहीचा सराव तिनं दोन दिवस रद्दी पेपरवर केला. फॉर्मवर सही करताना मात्र घाबरली. निंदणाच्या खुरप्यानं बोटं सुजली होती. सही झाली आणि लगेच म्हणाली, "चौकोनाच्या भाईर तं नाई ना गेली?" मी न बघताच म्हटलं, "नाही गेली."

फॉर्म, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, तीन फोटो. पाकीट मी पालीच्या पुस्तकात ठेवलं आणि कॉलेजात नेलं. ऑफिसच्या खिडकीपाशी चार-पाच जण उभे होते. मीही उभी राहिले. माझा नंबर आला आणि मी बाजूला झाले. उद्या देऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. शेवटची तारीख गेली आणि पाकीट पुस्तकातच राहिलं.

कारणं दोन होती आणि दोन्ही घाण होती. एक, मला तिचा राग आला होता. शिकायला मी जाते, एसटीचे धक्के मी खाते, आणि सर सगळ्यांसमोर म्हणतात हिचं पक्कं आहे. दुसरं, ती परीक्षेला बसली तर वेचणीच्या दिवसांत ती अभ्यास करेल आणि तिच्या ओळीत माय मला उभी करेल. बस, एवढंच. अठरा वर्षांच्या पोरीला अक्कल नसते असं लोक म्हणतात. मला होती. मी काय करते आहे ते मला चांगलं कळत होतं.

सरांनी वर्गात विचारलं, बहिणीचा फॉर्म भरला का? मी म्हटलं, "ती नको म्हणते सर." सर चुकचुकले.

ताई मात्र त्या हिवाळ्यात पेटून अभ्यासाला लागली. वेचताना मला प्रश्न विचारायची, चुकले की ओटीतला कापूस फेकून मारायची. फेब्रुवारी लागला तशी रोज विचारू लागली, हॉलतिकीट आलं का. माझं आलं. ते लपवता येईना तेव्हा मी सांगितलं, "तुझा फॉर्म वरून परत आला. काहीतरी चुकलं होतं म्हणे."

"काय चुकलं?"

"सांगितलं नाही त्यांनी."

तिनं स्वतःच्या बोटांकडं बघितलं. "सहीच असन," ती म्हणाली. "मले तवाच वाटलं, चौकोनाच्या भाईर गेली." मग तिनं माझ्या पेपरसाठी माझी सगळी उजळणी करून घेतली. पालीत मी कॉलेजात पहिली आले.

त्याच उन्हाळ्यात एका सामूहिक विवाहात तिचं लग्न झालं, राळेगाव तालुक्यातल्या गावी. मांडवात जोडप्यांच्या रांगाच रांगा होत्या, सगळ्यांचा मिळून एक फोटो. त्यात ताई हरभऱ्याच्या दाण्याएवढी, तीही मान वळवलेली. मी पुढं यवतमाळला होस्टेलवर राहून बी.ए. करू लागले, विषय अर्थातच पाली. दिवाळीला ती माहेरी आली की मला विचारायची, आता पुढं काय शिकवतात. मी तोडून बोलायची. तिच्यासमोर पुस्तक उघडायची माझी हिंमत नव्हती.

तिसऱ्या वर्षी, कपाशीवर विषारी औषध फवारायच्या दिवसांत, ती दुसऱ्याच्या वावरात पंपासाठी पाणी भरून देत होती. दुपारी चक्कर आली, ओकाऱ्या झाल्या. ऊन लागलं असेल म्हणून झाडाखाली निजवलं. संध्याकाळी यवतमाळच्या दवाखान्यात आणलं, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. मी काचेतून बघत होते. तिला माझी ओळख पटली नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मरणानंतरच्या वंदनेच्या, आदल्या दिवशी तिच्या सासरी फोटोची शोधाशोध सुरू झाली. हार घालायला फोटोच नव्हता. लग्नाच्या त्या फोटोतून चेहरा मोठा करून निघेना. भाऊजी पेटी उपसून थकले. माय रडत म्हणाली, "माह्या पोरीचा एक फोटो नाई वं जगात." मी उठले, एसटीनं घरी गेले, पालीचं जुनं पुस्तक काढलं. पाकीट होतं तिथंच होतं. सुटा एक फोटो घेतला, बाकीचं परत ठेवलं आणि आर्णीतून फोटो मोठा करून आणला. निळ्या ओढणीतली गंभीर ताई. मायनं फ्रेम छातीशी धरली.

"बरं झालं वं माय, तुनं जपून ठेवला."

 आसपासच्या बायाही म्हणाल्या, बहिणीची माया.

दुसऱ्या दिवशी सर आले होते. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले, मग सर उठले. म्हणाले, "फार हुशार मुलगी. घरी बसून पाली शिकली. मी तिला परीक्षेला बस म्हणालो होतो, पण बहिणीकडून निरोप आला की ती नको म्हणते. घरची अडचण असेल. तेव्हा मी आणखी आग्रह धरायला हवा होता." असं म्हणून ते फोटोसमोर वाकले.

माय पुढच्याच रांगेत होती. तिनं सरांकडं बघितलं. मग फोटोकडं, फोटोतल्या माझ्या ओढणीकडं बघितलं. मग माझ्याकडं. 

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही घरी परतलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर बसले होते तेव्हा माय आली आणि समोर बसली.

"बाकीचं कुठी हाय?"

मी आत जाऊन पाकीट आणलं. तिनं दाखला बाजूला ठेवला, मार्कशीट बाजूला ठेवली, फॉर्म मांडीवर पसरला. मायला वाचता येत नाही. चिकटवलेल्या फोटोवरून तिनं बोट फिरवलं आणि खाली आणलं.

"हे तिची सही होय?"

"हो."

"चौकोनात हाय का भाईर गेली?"

मी वाकून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. अक्षर जरा थरथरलेलं होतं, पण पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळी सही चौकोनाच्या आत होती. कुठंही रेघेला टेकलीसुद्धा नव्हती.

"आतच आहे," मी म्हटलं.

मायनं फॉर्म घडी घातला, जुन्याच घडीवर. "दर खेपी माहेरी आली का मले पुसे," ती म्हणाली. "'माय, माही सही खरंच भाईर गेलती का वं?' मी काय सांगू तिले. मले तं वाचता येत नाई."