वळणावर वेग कमी

शर्टांच्या कारखान्यात बटणं लावण्यापासून सुरुवात करून ती शिलाई मशीनपर्यंत पोचली होती. डोळा मात्र होता कापणीच्या टेबलावर. तिथले जुने मास्तर आता निवृत्त होणार होते. मालकांनी सांगून टाकलं, जो न चुकता कापून दाखवेल, टेबल त्याचं.

घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. जन्मभर बस चालवलेला माणूस. झटक्याने उजवी बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत. नवरा कायम फिरतीवर. शेजारच्या मावशी दिवसभर सोबतीला बसायच्या, पण भरवायला दुपारच्या सुट्टीत सूनच हवी. ती धावत यायची आणि धावत परत जायची. संध्याकाळी पलंगावर आडवी फळी टाकून जुन्या चादरींवर कात्रीचा सराव. डावा हात चालता ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून कापडाची कड धरायचं काम सासऱ्यांकडे.

“बाबा, दाबा!”

“दाबलंय. वळण आलं, वेग कमी कर. घाटात अशी गाडी हाणतात का?”

नेमका परीक्षेच्या दिवशी मावशींना ताप भरला. तिने सासऱ्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि थेट कारखाना गाठला.

मालकांच्या कपाळाला आठ्या. “अगं, हा कारखाना आहे, दवाखाना नव्हे.”

“मी कुठे औषध मागतोय?” सासरे म्हणाले. “बघायला आलोय.”

कात्री चालू लागली. मालक शेजारी डोळ्यांत तेल घालून उभे. बाहीच्या वळणावर कापड सरकायला लागलं आणि ती मान वर न करता ओरडली, “बाबा, दाबा!”

मालकांनी झटकन दोन्ही हातांनी कड दाबली. मशीनवरच्या बायकांमध्ये हशा पिकला. तिची कानशिलं तापली, पण कात्री थांबली नाही.

“हात काढू नका हं, मालक,” खुर्चीतून आवाज आला. “घाट संपला नाही अजून.”

तुकडा साच्यावर ठेवून पाहिला. सुताचाही फरक नव्हता.

“टेबल तुझं,” मालक म्हणाले. “पण घरचं कसं करणार?”

कालपर्यंत तिने मान खाली घातली असती. “दुपारी घरी जाऊन येणार, ते सुटायचं नाही. त्याबदल्यात सकाळी लवकर येईन.”

मालकांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. “जात जा बाई. नाहीतर हे मलाच घाटात उतरवतील.”

परतताना रस्ता गर्दीने भरला होता. ती खुर्ची ढकलत होती आणि सासरे डावा हात उंच करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दटावत होते, “सरका, सरका! कटिंग मास्तरांची गाडी आहे!”