चालू नंबर

आमच्या गावात डेटा म्हणजे रोज सकाळी मिळणारा आणि दुपारपर्यंत संपणारा. मी डेटावर पीएचडी करतेय असं आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, चौकात सांगून टाकलं. तेव्हापासून मी सुट्टीत घरी आले की लोक मोबाईल घेऊन दारात हजर. रिचार्ज करूनही नेट का चालत नाही, एवढंच त्यांना विचारायचं असायचं. मी आधी समजावत बसायचे, मग चिडायचे, शेवटी मोबाईल बंद करून पुन्हा चालू करून द्यायचे. बहुतेकांचं काम तेवढ्यात व्हायचं आणि आबांची कॉलर ताठ व्हायची.

माझा खरा विषय दोन वाक्यांचा आहे. आपण कुठे राहतो, काय विकत घेतो, कुठून फोन करतो ही माहिती कंपन्या धंद्यासाठी गोळा करतात. तीच माहिती पुढे सुरक्षेच्या नावाखाली सरकारी यंत्रणा विकत नाहीतर मागून घेतात, आणि ज्याची माहिती आहे त्याला कुणी विचारत नाही की कळवत नाही. माझे मार्गदर्शक सारखे म्हणायचे, सगळी उदाहरणं परदेशातली आहेत, आपल्याकडचं काहीतरी आण. ते मला सापडत नव्हतं. म्हसावदजवळच्या आमच्या घरी मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन कुढत बसायचे आणि समोर अंगणात आबा मोठमोठ्याने आकडे वाचत फिरायचे.

ते ओटीपी असायचे. सातपुड्यातली काही कुटुंबं वर्षानुवर्षं आमच्याकडे पपई तोडायला, कापूस वेचायला येतात आणि हंगाम संपला की गुजरातेत ऊसतोडीला जातात. पाड्यावर रेंज नाही. गुजरातेत गेलं की नवं सिम, परत आलं की तेही बंद. बँकेत साहेब म्हणतो, चालू नंबर द्या. चालू नंबर एकच, आबांचा. घरात मोबाईल आल्यापासून त्यांनी तो बदललेला नाही. मग बँक, गॅस, हप्त्यावर टीव्ही देणारी फायनान्स कंपनी, सगळीकडे तोच लागला. अक्कलकुव्याच्या बाजारातून, नाहीतर गुजरातेतल्या उसाच्या फडातून, कुणाच्या तरी मोबाईलवरून फोन यायचा. आबा मेसेज उघडायचे आणि एकेक आकडा असा ओरडून सांगायचे की शेजारच्या काकूंनाही पाठ व्हावा. ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, असं मी कितीदा सांगितलं. त्यांचाच तर आहे, मी नुसता वाचतो, असं त्यांचं उत्तर.

मागच्या हिवाळ्यात सुरक्षेचं काम बघणाऱ्या एका कार्यालयातून फोन आला. आबांना वाटलं, पीकविम्याचं काहीतरी असेल. स्पीकरवर पलीकडचा आवाज अदबीचा होता. तुमच्या एका नंबरावर इतक्या नावांची खाती कशी, दोन राज्यांत फिरणारे पैसे कुणाचे, एकदा येऊन सांगून जा. आबा हो हो म्हणाले, फोन ठेवला आणि जेवायला बसले. मी माझं ताट बाजूला सारलं.

हे कुठून आलं असणार ते मला दिसत होतं. कुठल्यातरी कंपनीच्या संगणकाने एका नंबराखाली नावांची ही गर्दी पाहिली, संशयाचा शेरा मारला आणि तो शेरा पुढे विकला गेला. आपल्याकडचं उदाहरण माझ्यासमोर मांडी घालून भाकरी कुस्करत होतं. अशा वेळी मला प्रबंध आठवला याचा मला संताप आला.

मग घरात माझा पाय ठरेना. ओटा, मागचं दार, विहीर, परत ओटा. आई म्हणाली, एका जागी बस, तुला बघून मला चक्कर येतेय. आबांना मी हरप्रकारे समजावलं. असा शेरा एकदा लागला की तो कुठे कुठे जातो ते कुणालाच कळत नाही, पुसायला कुणाकडे जायचं तेही कळत नाही. त्यांनी काही केलेलं नाही, फक्त कुठलं खातं कुणाचं ते सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

"नावे दी टाका, आबा," मी म्हटलं. आबा सुपारी कातरत राहिले.

आम्ही दोघं काळीपिवळी जीपने त्या कार्यालयात गेलो. मला बाहेरच्या बाकावर बसवलं, पण दार उघडं होतं. साहेब तरुण होता, त्याने आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. आबा सुरुवातीला शाळेतल्यासारखं शुद्ध बोलत होते. शेतीचं, मजुरांचं, रेंजचं सगळं सांगितलं. साहेबाला ते पटलंही असावं, कारण तो म्हणाला, ठीक आहे काका, फक्त त्यांची नावं आणि गावं सांगा, तुमचं काम झालं. तिथे आबांची शुद्ध भाषा सुटली.

"नंबर मन्हा शे साहेब, दिन्हा बी मीच. जे इचारनं ते माले इचारा."

साहेबाने दोनतीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. आबा तेच सांगत राहिले. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते, आत जाऊन स्वतःच नावं सांगावीत इतकं मला अनावर झालं होतं. मला त्यातली बरीच पाठ होती. शेवटी साहेब म्हणाला, जा तुम्ही, गरज पडली तर बोलावू.

स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेताना मी आबांना नको नको ते बोलले. लोकांसाठी स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेतलात, उद्या माझ्या नोकरीच्या वेळी चौकशी निघेल, भावाचं कर्ज अडेल, तेव्हा कुणाला ओटीपी वाचून दाखवणार. आबांनी बशीतला चहा संपवला.

"मन्हा दारशी साहेबनी गाडी उनी त मी चहा पाजसू. त्यास्ना दारशी गयी त?"

तरी माझा राग गेला नाही, आजही पुरता गेलेला नाही. माझे वडील त्या यंत्रात अडकलेत आणि ते यंत्र कसं चालतं हे मला पानापानाने माहीत आहे. या माहितीचा उपयोग एवढाच, की मी नीट झोपत नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत आमच्या दोघांशिवाय मागच्या सीटवर कुणी नव्हतं. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मिटनं ना आते?" त्यांनी विचारलं.

गरज पडली तर बोलावू, याचा अर्थ मला पक्का ठाऊक होता.

"हां आबा, मिटनं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि गाव येईपर्यंत शांत झोपले. मी त्याच विषयात शिकलेली होते, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला.