भांडी घासायला येणारे आप्पासाहेब

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. आईपाशी नाही, बायकोपाशी तर नाहीच. गप्पांच्या बैठकीत माणसं नको तेवढं ओकून टाकतात, तिथेही मी हा विषय निघेल अशी चिन्हं दिसली की पाणी प्यायला उठत आलो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटतं. बघू.

गुन्हा म्हणावा एवढं मोठं काही नाही. खून नाही, अफरातफर नाही. दोन वाक्यं आहेत. पहिलं आठवलं की मला अजून हसू येतं, म्हणून आधी ते सांगतो. दुसऱ्याकडे — जाऊ हळूहळू.

नव्वदीच्या सुरुवातीला मी पुण्याहून बंगलोरला आलो. इंजिनिअर झालो होतो, होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत पंपांची डिझाइनं काढायची नोकरी मिळाली होती, आणि मला गॅस पेटवता येत नव्हता. वाढवून सांगत नाही. आमच्या घरी मुलगा ओट्याजवळ आला की त्याला ‘जा, अभ्यास कर’ म्हणत. मी जात असे, अभ्यास करत असे. निघताना आईने मेतकूट दिलं, चिवडा दिला, डबाभर गोडा मसाला दिला. त्या मसाल्याचं करायचं काय असतं, ते सांगायचं राहून गेलं. चुरगळलेला शर्ट, तुटलेलं बटण, उडालेला फ्यूज, संपलेला साबण — या गोष्टी जगात आपोआप दुरुस्त होत असतात, अशी माझी बावीस वर्षं समजूत होती. आणि माझ्या हातात प्रथम वर्गाची पदवी होती! विद्यापीठाने ती कशाच्या जोरावर दिली असेल?

खोली मारतहळ्ळीत मिळाली. तेव्हा तिथे रस्त्याला लागून नाचणीची शेतं होती, आणि तिथे राहतो म्हटलं की शहरातले लोक कीव करत. खोलीत आधीपासून एकजण होता. माझ्याच कारखान्यात, माझ्याच खात्यात, माझ्याइतकाच शिकलेला. निपाणीजवळच्या खेड्यातला. नाव आप्पासाहेब. बारशालाच ठेवलेलं. पाळण्यातल्या पोराला साहेब कसं म्हणतात, असं मी पहिल्याच दिवशी खवचटपणे विचारलं. तो म्हणाला, “तुला काय म्हणत हुते? राजकुमार? स्टो पेटवता येत न्हाई म्हणून इचारलं.”

असा होता तो. नम्र वगैरे अजिबात नाही. नोकरीचं पत्र आलं तेव्हा त्याच्या आईने त्याला महिनाभर घराबाहेर पडू दिलं नव्हतं. भाकरी फुगली, बटण नीट लागलं, कॉलरचा मळ निघाला, तापात पडला तर स्वतःची पेज स्वतः करता येईल अशी तिची खात्री पटली, तेव्हा कुठे तिने त्याला एस.टी.त बसू दिलं. हे तो पदकं लावलेल्या सुभेदाराच्या ऐटीत सांगायचा. मी त्याच्या हातचं खायचो आणि त्याच्या ऐटीला नाकं मुरडायचो. दोन्ही एकाच वेळी. जमतं ते.

आणि घरी मी पत्रं लिहायचो. आईला काळजी नको म्हणून लिहिलं की स्वयंपाक मीच करतो. एवढ्यावर थांबावं की नाही? पण लिहिता लिहिता माणूस रंगतो. मी भरली वांगी केली. मी अळूची भाजी केली. एका पत्रात तर मी उकडीचे मोदक केले, त्यांच्या कळ्या कशा सुबक आल्या तेही लिहिलं. आईने ती पत्रं आळीत वाचून दाखवली. आळीतून ती बातमी मावशीकडे, मावशीकडून बंगलोरातल्या एका घरी पोचली. त्या घरात वसुधा होती.

घर मराठी, पण तीन पिढ्या बंगलोरात मुरलेलं. वडिलांना अण्णा म्हणायचे, बोलताना मध्येच ‘बरं’च्या जागी कन्नड ‘सरी’ आणि ‘थोडं’च्या जागी ‘स्वल्प’ यायचं. मावशीने माझं स्थळ सुचवलं तेव्हा वसुधाने अट घातली — पोहे मुलाने करायचे, आणि ते खायला आपण त्याच्या खोलीवर जायचं. घरचे हादरले, पण ती हटेना. कारण तिची थोरली बहीण. बहिणीचा नवरा मोठा अधिकारी. त्याच्या दारावरची पाटी दारापेक्षा रुंद. बहीण एकदा तापाने फणफणली होती, तेव्हा हे गृहस्थ तिच्या उशाशी येऊन उभे राहिले — काय हवं नको विचारायला नव्हे. पाण्याचा तांब्या भरून मिळावा म्हणून. वसुधाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. असला नवरा नको, एवढंच तिचं म्हणणं होतं. यात तिचं काय चुकलं?

मी तिला आधी एकदा ओझरतं पाहिलं होतं. मला ती हवी होती. फार.

आता, मुलगी दाखवताना ‘पोहे हिनेच केलेत’ असं सांगायची आपल्याकडे रीतच आहे. ते काकूने केलेले असतात हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं, तरी सगळे माना डोलावतात. मी स्वतःची समजूत घातली की आपण रीत पाळतोय. फक्त माझ्या काकूला मिशा होत्या.

ठरलं असं — आप्पाने पोहे करायचे आणि पाहुणे यायच्या आत सटकायचं. पण त्या रविवारी बस चक्क वेळेवर आली. दारात अण्णा, वसुधाची आई, वसुधा. मी त्यांना बसवतोय, हवापाण्याचं विचारतोय, तोच आतून आप्पा बाहेर आला. गुडघ्यावर दुमडलेली लुंगी, बनियन, खांद्यावर फडकं, हात हळदीने पिवळे. एका हातात झारा. “लिंबू कुठं ठेवलायस रं?” म्हणाला, आणि पाहुणे बघून जागच्या जागी थिजला.

“हे कोण?” वसुधाच्या आईने विचारलं.

माझा मित्र, असं म्हणता आलं असतं. पण मग ते हळदीचे हात? मी त्या हातांकडे पाहिलं आणि म्हणालो, “हा ना — हा भांडी घासायला येतो.”

हे पहिलं वाक्य.

आप्पाने माझ्याकडे पाहिलं. एवढंसंच. मग फडकं खांद्यावरून काढून त्याने हात पुसले, कमरेत वाकला आणि म्हणाला, “व्हय बाईसाहेब. सायबांनी आज लई कढया काढल्या.” नाव विचारल्यावर ‘आप्पा’ एवढंच सांगितलं. ‘साहेब’ त्याने आपणच गाळून टाकलं. पुढचा अर्धा तास तो असा रंगला की मला घाम फुटला. बशा उचलल्या, चहा दाराच्या उंबऱ्यावर उकिडवं बसून प्याला, “सायेब, उंद्या येऊ का सुट्टी घिऊ?” असं मला सगळ्यांदेखत विचारलं. वसुधाच्या आईने त्याला सांगितलं, घर चांगलं मिळालंय, टिकून राहा. वसुधा तर त्याला म्हणाली, “आप्पा, तुम्ही रात्रशाळेत नाव का घालत नाही? शिकलात तर पुढे जाल.” माझ्यापेक्षा वरच्या नंबराने पास झालेला तो प्राणी मान खाली घालून म्हणाला, “डोस्कं चालत न्हाई वो ताई.”

पोहे सगळ्यांना आवडले. अण्णांनी दुसऱ्यांदा घेतले.

ते गेल्यावर आप्पा जमिनीवर लोळून हसला. मग उठून बसला आणि म्हणाला, “भांडी घासतो म्हणालास? मर्दा, निदान आचारी तरी म्हणायचंस!” आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की भांडीवाला आजपासून रजेवर आहे. त्या दिवसापासून खोलीतली भांडी मी घासली.

तिकडून होकार आला. आता? लग्नाला तीन-चार महिने. आप्पा म्हणाला, “पोरगी फसवलीस, आता निस्तर. तिला जसा पायजे तसा तुला करून देतो.” आणि मग सुरू झाले, खरं सांगतो, माझ्या तरुणपणातले सगळ्यात मजेचे दिवस. कारखान्यातून आलो की शाळा. स्टोला पिन कशी मारायची. तांदळावर पाणी बोटाच्या किती पेरांपर्यंत. पहिल्या भाताने मी घर लिंपू शकलो असतो. पहिली भाकरी त्याने दारापुढच्या कुत्र्याला टाकली. कुत्र्याने ती हुंगली, उचलली आणि समोरच्या शेतात नेऊन पुरली. “जपून ठेवली बघ,” आप्पा म्हणाला, “दुष्काळात काढंल.” पालेभाजीवालीशी कन्नडमधून घासाघीस करायला त्याने मला एकट्याला पाठवलं आणि स्वतः कोपऱ्यावर उभा राहून माझी फजिती बघितली. फ्यूजची तार घालायला शिकवली. बटण लावताना खाली काडी ठेवायची म्हणजे ते घट्ट ओढलं जात नाही, हे शिकवलं. तापातल्या माणसाला मऊ भात करताना घाई करायची नाही, ढवळत बसायचं, हे शिकवलं. मी वैतागलो की म्हणायचा, “पाव्हणा म्हणून किती दिवस जगणार हाईस?”

मधल्या दिवसांत वसुधा भावाला घेऊन एकदोनदा येऊन गेली. तिने आप्पासाठी बेसनाचे लाडू आणले. ते त्याने दारातच मिटक्या मारत खाल्ले आणि पुन्हा डोस्कं चालत नसल्याचं सांगितलं. आम्ही दोघं नंतर हसलो. त्याला यात मजा येत होती असं मी धरून चाललो होतो. विचारलं होतं का कधी? नाही.

आता दुसरं वाक्य.

लग्न बंगलोरातच होतं. सगळ्या खात्याला मी पत्रिका वाटल्या. आप्पाची पत्रिका बॅगेत राहिली. दोन दिवस, चार दिवस. एका संध्याकाळी तो भाकऱ्या करत होता आणि मी कांदा चिरत होतो — आता बऱ्यापैकी बारीक चिरायचो. तो तव्याकडे बघतच म्हणाला, “लग्नाला मी काय म्हणून येऊ? इंजिनिअर म्हणून का भांडीवाला म्हणून?”

हसतच म्हणाला. पण ते दार त्याने माझ्यासाठी उघडून धरलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. मी म्हणायला हवं होतं, इंजिनिअर म्हणून ये, मी वसुधाला आजच सांगतो. तिने काय केलं असतं? मला ती तोवर चांगली कळली होती. ती चिडली असती, मग पोट धरून हसली असती, आणि शेवटी रात्रशाळेवरून स्वतःचीच टर उडवली असती. लग्न मोडलं नसतं. हे मला नंतर सुचलेलं नाही. तेव्हाच ठाऊक होतं. मला फक्त मांडवात, चार माणसांत, अण्णांसमोर क्षणभर ओशाळं व्हायचं नव्हतं. लोकांच्या रुंद पाट्यांना हसणारा मी — माझी पाटी केवढी होती?

मी कांदा चिरत राहिलो आणि म्हणालो, “तू आला नाहीस तर बरं होईल.”

“सरी,” आप्पा म्हणाला. कन्नडमधलं सरी. मराठीतला एकही शब्द त्याने त्यावर खर्च केला नाही. भाकरी उलटली, ती टम्म फुगली, आणि त्याने ती माझ्या ताटात टाकली.

वसुधा यायच्या आधी त्याने दुसरीकडे खोली घेतली. कारखान्यात आम्ही आणखी वर्षभर एकाच टेबलावर जेवलो. तो तसाच बोलायचा, तशाच टपल्या मारायचा. वार्षिक संमेलनाला सगळे बायकांना घेऊन आले तेव्हा त्याने त्या दिवशीची ड्यूटी मागून घेतली. मग त्याला कोइमतूरला चांगली नोकरी लागली आणि तो गेला.

लग्नानंतर लवकरच वसुधा तापाने पडली. मी मऊ भात केला. घाई न करता ढवळत बसलो. तो खाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बहिणीला फोन करून तिने सांगितलं, माझा नवरा तसला नाही. खरंच नव्हतो. आमचा संसार आनंदाचा झाला — अजून आहे, भांडणांसकट. पुढे मुलगी शिकायला परगावी निघाली तेव्हा तिला मी महिनाभर ओट्यापाशी उभं केलं. वसुधा सगळ्यांना सांगते, यांना हे उपजतच येतं. मी मान हलवतो. मराठी मंडळाने एकदा नवीन आलेल्या मुलांपुढे स्वावलंबनावर माझं भाषण ठेवलं होतं. शाल, नारळ, हार. मी सगळं घेतलं. आणि कधीमधी वसुधा म्हणते, “ते आपले भांडीवाले आप्पा, किती गोड माणूस होता नाही? शिकला असता तर…” तेव्हा मी पाणी प्यायला उठतो.

लग्नात पंगतींवर पंगती उठल्या. माझ्या मावशीच्या शेजारणीचे भाचे जेवून गेले. त्या आठवड्यात आप्पाने रजा टाकली होती, आधीच, माझी तारीख ठरली त्याच दिवशी. आमच्या खात्याच्या साहेबांनी हे मला पुढे सहज बोलताना सांगितलं. म्हणजे त्याला यायचं होतं. मी नको म्हणालो.