पन्नास किलोमीटर झाले की

“सायकल ठीक आहे. वरचा माल खराब आहे.”

दुकानापाशी कोणीही सायकल टेकवली की मिस्त्री आधी चेन बघायचे, मग टायर, आणि मान वर न करता हे वाक्य सोडायचे. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. लालबागच्या एका चाळीत, जिन्याखाली, त्यांचं दुकान होतं. आत माणूस एकच मावायचा. अपमान कितीही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याबद्दल आपण घरी येऊन हसत सांगतो, आणि सांगताना आपण स्वतः कोण होतो ते गाळतो. मीही इतकी वर्षं तेच केलं.

रविवारी सकाळी घट्ट चड्ड्या घालून मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन येणाऱ्या आमच्या ग्रुपच्या बहुतेक सायकली त्यांच्याकडेच जायच्या. आमच्यातल्या डॉक्टरांनी एकदा लाखाच्या वरची सायकल त्यांच्यापुढे उभी केली. मिस्त्रींनी चेन एका बोटाने उचलली, बोट काळं झालं ते डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाले, “स्वतःचे दात घासता ना रोज? मग हिने काय पाप केलंय?”

डॉक्टर दातांचेच होते.

त्यांना आमचा तिटकारा होता आणि आम्हाला त्या तिटकाऱ्याची गंमत वाटायची. आज सांगतो, त्यांचंच बरोबर होतं. आम्ही पोट कमी करायला निघायचो आणि मिसळीवर थांबायचो. त्यांनी उमेदीची वर्षं दूधवाल्यांच्या आणि पाववाल्यांच्या अवजड सायकली दुरुस्त करण्यात घालवली होती. गिअरच्या हलक्या सायकली हाताला लागल्या तेव्हा केस पिकले होते. चाक फिरवून कानाजवळ न्यायचे आणि डोळे मिटायचे. “काय वस्तू बनवलीय,” असं पुटपुटायचे. मग डोळे उघडायचे, समोर आम्ही दिसायचो, आणि चेहरा पुन्हा आंबट.

माझ्या सायकलीला नवा क्रँक बसवायचा होता. क्रँक म्हणजे पायडलचा दांडा. तो ज्या एक्सलवर बसतो तो धरणारं बॉटम ब्रॅकेटही गेलं होतं. मिस्त्रींनी जुनं काढलं, आतले आटे रॉकेल आणि टूथब्रशने घासले, ग्रीस लावलं आणि नवीन ब्रॅकेट नुसत्या बोटांनी फिरवत आत नेलं.

“पाना घ्या ना,” मी म्हणालो.

“हाताने जात नाही तिथे पान्याने घुसवतात ते मेले गाढव.”

“मग टॉर्क रेंच तरी? किती जोराने आवळायचं त्याचा कंपनीने आकडा दिलाय.”

त्यांनी मनगट वर केलं. “ही काय कंपनी.”

बाजूला डॉक्टर उभे होते, ते खो खो हसले. ते हसणं मला लागलं. मिस्त्री मात्र रंगात आले होते. एक्सलच्या चौकोनी टोकावर क्रँक ठोकत त्यांनी विचारलं, “गाव खंयचो तुझो?”

मालवणी मला चांगली कळते. घरी आईशी तीच बोलतो.

“नाही, आम्ही इथलेच,” मी म्हणालो.

त्यांनी बोल्ट आवळला आणि सांगितलं, “आज बसवलाय, पण बसला नाही. ॲल्युमिनियम आहे. चालवलं की दबून जागा करतं, बोल्ट सैल पडतो. पन्नास किलोमीटर झाले की परत ये. परत आवळायचा.”

मग त्यांनी मागच्या भिंतीवर खडूने माझं नाव लिहिलं. खरी नावं त्यांना ठाऊक नसत. ‘ढेरी’, ‘लाल टोपी’, ‘दातवाला’ अशी ती यादी असायची. परत जाऊन बोल्ट आवळून घेतला की ते नाव पुसायला खुंटीवरचं फडकं आपल्या हातात द्यायचे, “पूस. तुझ्या हाताने.” मी सारखा मनगटावरच्या घड्याळात किलोमीटर बघायचो, म्हणून मी ‘घड्याळ’.

मी परत गेलो नाही. वेळ नव्हता असं नाही, दुकान माझ्या रोजच्या वाटेवर होतं. पण त्या जिन्याखाली वाकून उभं राहायचं, पुन्हा ऐकून घ्यायचं, कशाला? एवढा कोण लागून गेला तो! तीन आठवड्यांनी डाव्या पायाखाली कट् कट् वाजू लागलं. मी कानात गाणी लावली. दोन महिने तसाच चालवत राहिलो. घड्याळात आठशे किलोमीटर झाले होते.

एका रविवारी मलबार हिलच्या चढावर डावा क्रँक एक्सलवरून निसटला. माझे बूट पायडलला अडकणाऱ्या जातीचे होते, त्यामुळे मी आपटलो तेव्हा क्रँक पायालाच लटकत होता. मी फुटपाथवर बसलोय, बुटाला तो लोंबतोय आणि येणारेजाणारे बघताहेत. कोपर सोललं होतं. ग्रुप भोवती जमला.

“कोणी बसवला रे?”

“मिस्त्रींनी.”

“परत आवळून घेतला होतास ना?”

“घेतला होता की,” मी म्हणालो. “आठवड्याभरातच.”

एवढंच. माझ्या तोंडून पूर्ण विचार करून निघालेलं ते वाक्य आहे, घाईत निसटलेलं नाही.

मी टॅक्सीत, बाकीचे सायकलींवर, असे सगळे थेट जिन्याखाली गेलो. डॉक्टर पुढे होते. “काय मिस्त्री, माणूस मेला असता! दोनदा आवळूनही बोल्ट सुटतो?”

मिस्त्रींनी क्रँक हातात घेतला. चौकोनी भोकात करंगळी घालून फिरवली. कोपरे झिजून भोक जवळजवळ गोल झालं होतं. एका दिवसात असं होत नाही, हे त्या करंगळीला कळलं.

“दोनदा?” त्यांनी विचारलं.

“हा सांगतोय ना.”

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या खांद्यामागे भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं, ‘घड्याळ’. पुसलेलं नव्हतं. मला दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्यांना दिसत होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं.

त्यांनी हात मागे नेला आणि ग्रीसने भरलेल्या अंगठ्याने ते नाव पुसून टाकलं.

“मग माझीच चूक असणार,” ते म्हणाले. “न्या सायकल.”

मी त्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होतो. वरचा माल खराब आहे. त्या दिवशी ते म्हटलं असतं तर मी आयुष्यभर त्यांचा ऋणी राहिलो असतो. म्हणाले नाहीत. मला वाचवलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. माझ्यासाठी बोट उचलणंही त्यांना जड वाटलं.

संध्याकाळी ग्रुपवर डॉक्टरांचा मेसेज आला, ‘लालबागच्या मिस्त्रीकडे कोणी जाऊ नका. म्हाताऱ्याचा हात गेला.’ त्याखाली मी अंगठा टाकला.

नंतर येताजाता दिसायचे. बाबागाडीचं चाक, पोरांच्या तीनचाकी, असली कामं. चाक कानाजवळ नेताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात मिसळ खाताना मी ग्रुपला सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “कोण रे? तो जिन्याखालचा? आहे का अजून?” दुसऱ्याने पाव मागवला.

मी उठून लालबागला गेलो. दुकानाची फळी काढून नेलेली, दार नुसतंच लोटलेलं. जिन्यावर भांडी घासणाऱ्या बाई म्हणाल्या, “पावसाच्या आधीच गेले गावाला. तिथेच वारले. काम होतं काय?”

“बोल्ट आवळायचा होता,” मी म्हणालो.

दार ढकलून आत वाकलो. खुंटीवर फडकं तसंच होतं. भिंतीवर खडूचा मागमूसही नव्हता, सगळ्यांनी आपापलं नाव नीट पुसलेलं. फक्त एका ठिकाणी अंगठ्याएवढा काळा डाग होता. मी फडकं घेऊन घासलं. ग्रीस मुरलं होतं. निघालं नाही.