दादाच्या पायांवर न लावलेलं जाळं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होते. विजेचा दाब देऊन प्लॅस्टिकचा धागा ओढायची रीत आमच्या सरांनी कुठल्याशा परदेशी नियतकालिकात वाचली होती. शरीरात हळूहळू विरघळून जाणारं प्लॅस्टिक क्लोरोफॉर्ममध्ये पातळ करून आम्ही सिरिंजमध्ये भरायचो. सुईला हजारो व्होल्ट दिले की टोकावरचा थेंब ताणला जायचा आणि त्याचा डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक धागा समोरच्या चंदेरी ॲल्युमिनियमच्या कागदावर जाऊन बसायचा. दोन-तीन तासांत तिथं दुधावरच्या सायीसारखं पांढरं जाळं जमायचं. ते जखमेवर ठेवलं तर त्याच्या आधारानं नवी कातडी वाढेल, अशी आशा होती. पावसाळाभर धाग्यांच्या नुसत्या गाठीच होत होत्या. थंडीत पहिल्यांदा तळहाताएवढा सलग तुकडा निघाला, तेव्हा मी तो घरी नेऊन सगळ्यांना दाखवला.

घर सातारा जिल्ह्यात. दादा लष्करातून परत येऊन गुऱ्हाळ चालवायचा. मी तुकडा दाखवून गेले त्याच्या पंधरवड्यानंतर रसावरची मळी काढताना त्याचा पाय घसरला आणि तो काहिलीतल्या उकळत्या रसात कमरेपर्यंत गेला.

त्याला मिरजेला आणलं. दोन्ही पाय सोलून निघाले होते. डॉक्टरांनी पाठीची कातडी काढून पायांवर लावली, पण पाचव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा ती पिवळी पडून सुटून आली होती. पू झाला होता. पाठीला आणखी काढण्यासारखं फार उरलं नव्हतं.

वहिनी वॉर्डाबाहेर माझी वाट बघत होती.

"वन्सं, तुमी ते जाळं केलंय न्हवं? कातडी वाढतीया म्हनालासा. ते लावा की ह्यांना."

"वहिनी, ते अजून कुणाला लावलेलं नाही."

"मग ह्यांनाच पयलं लावा."

मी जाळ्याचा एक तुकडा डबीत घालून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तुकडा चिमट्यात धरून उजेडात पाहिला.

"कशावर तपासलंय?"

"अजून कशावरच नाही."

"क्लोरोफॉर्म पूर्ण उडालाय?"

"माहीत नाही."

त्यांनी तुकडा परत डबीत ठेवला. "मग मी काय सांगू? तुम्हीच सांगा."

मी नाही म्हणाले. ते सांगायला दादाजवळ गेले तर त्याला आधीच कळलं होतं. ताप होता, ओठ फुटले होते.

"भ्यालीस व्हय?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"बरं," म्हणाला आणि डोळे मिटले. रागावला होता का, हे मला आजही सांगता येत नाही.

जखमेचं विष रक्तात भिनलं. आठवड्याभरात तो गेला. तेराव्याला वहिनी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आईनं मला जेवायला वाढलं आणि बाजूला जाऊन बसली.

मी कामावर परत गेले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. चार महिन्यांनी मिरजेच्या एका प्रयोगशाळेत आमच्या जाळ्यावर उंदराच्या कातडीच्या पेशी टाकून बघितल्या. दोन दिवसांत सगळ्या मेल्या. पुन्हा केलं, तेच झालं. धाग्यात क्लोरोफॉर्म उरत होता. ते जाळं दादाच्या पायांवर लावलं असतं तर ताज्या जखमेत विष घातल्यासारखं झालं असतं. सर निराश झाले. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःची किळसही आली.

मी पहिली एसटी धरून गावी गेले. वहिनी अंगणात शेंगा फोडत होती. अंगणाच्या कडेला उभं राहूनच मी सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "म्हंजी लावलं असतं तरी ह्ये गेलेच असते?"

"व्हय. कदाचित लवकर."

"मग हे मला सांगाया एवढ्या लांबनं आलासा?"

तिच्यासाठी आले होते की माझ्यासाठी, ते तिला कळलं होतं.

थोड्या वेळानं तिनं सूप सरकवून मला बसायला जागा केली. आम्ही दोघी ऊन डोक्यावर येईपर्यंत शेंगा फोडत बसलो. मग तिची मुलगी शाळेतून आली, भूक लागली म्हणाली, आणि वहिनी भाकरी थापायला आत गेली.