काचेपलीकडचे ओठ

काचेपलीकडे मॅडमचे ओठ हलले. आवाज आला नाही. येऊच शकत नव्हता. विद्यापीठाच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत मी माइकसमोर एकटी, आणि जाड दुहेरी काचेच्या पलीकडे, बटणांच्या टेबलापाशी, आमच्या विभागाच्या मॅडम आणि बाहेरून आलेले एक पाहुणे सर. ते कुठल्याशा श्राव्य कार्यक्रमासाठी विद्यार्थ्यांची कामं निवडायला आले होते. माझं वाचून झालं होतं. मी घाम पुसत होते.

मॅडम सरांना म्हणाल्या, "गोष्ट छान आहे. पण हिचा आवाज म्हणजे गोडाउन. गोष्ट ठेवू, हिला काढू. सायली वाचेल."

सर म्हणाले, "आणि तो म्हातारा?"

मॅडम म्हणाल्या, "त्याला खाली दाबू. मागे गोंगाट म्हणून बरा वाटेल."

मग त्यांनी बटण दाबलं. माझ्या हेडफोनात मध ओतल्यासारखा आवाज आला, "अगं, खूपच सुंदर! किती अस्सल!"

तो म्हातारा म्हणजे माझे बाबा.

मी वाढवून सांगणारी बाई आहे. आमच्या रहनाळ गावात कुणालाही विचारा. माझ्या तोंडात उंदीर गेला तर बाहेर म्हैस येते. पुढंही जागोजागी वाढवणार आहे, सवयच ती. पण वर अवतरणात जे लिहिलंय त्यात कणभर भर नाही. ते जसं होतं तसं आहे.

मग ऐकलंस कसं, असं विचाराल. ऐकलं नाही. वाचलं.

आमचे बाबा भिवंडीत कापडाचे लूम चालवायचे. गावातल्या लोकांनी जमिनी विकल्या, भाड्यानं दिल्या, गोडाउनचे मालक झाले. आमच्याकडे विकायला जमीनच नव्हती. बाबांकडे दोन हात होते आणि दोन कान. कान शेडनं घेतले. लूमच्या शेडमध्ये कधी गेला नसाल तर सांगते. आत पाऊल टाकलं की आवाज छातीवर बसतो. आमच्या शेडमध्ये एक कावळा यायचा, तोसुद्धा काव काव सोडून नुसती मान हलवून खायला मागायचा. अशा ठिकाणी माणूस बोलतो कसा? ओठांनी आणि हातांनी. दोन बोटं उलगडली की धागा तुटला. मुठीवर मूठ, म्हणजे चहा आला. मिशीवरून बोट फिरवलं की शेट आला, मान खाली. बाकी सगळं ओठांनी, ताणून ताणून, आवाज न काढता. चार गावचे चार भाषांचे कामगार शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार करायचे आणि हूं का चूं व्हायचं नाही.

मी रोज दुपारी बाबांचा डबा घेऊन जायचे. तिथं उभी राहून शिकले. मराठी ओठ वाचले, हिंदी वाचले, उर्दू वाचले. दाढीतून वाचले. गुटख्यातून वाचले, आणि ती तर आमच्याकडची पीएचडी. पुढं नाक्यावरच्या बसमध्ये कोण कुणाशी लग्न मोडतंय ते मी रस्त्यापलीकडून सांगायचे.

आणि घरी? घरी सगळे ओरडून. बाबांना ऐकू येईना, म्हणून आई ओरडायची, म्हणून मी ओरडायचे. माझ्या हाकेनं आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी गाव बदललं.

मी भिवंडीजवळच्या पूर्णाला एका मोठ्या गोडाउनात माल पाठवायच्या लाइनवर लागले. सहा वर्षं काढली. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा लाइनवरच्या सगळ्या पोरी म्हणाल्या, ताईच होणार. नाही झाले. ऑफिसातल्या साहेबानं सांगितलं, "काम चांगलं आहे तुझं. कम्युनिकेशन कमी पडतं."

कमी पडतं. मीठ कमी पडतं तसं. म्हटलं, हे मिळतं कुठं? कळलं, विद्यापीठात मिळतं. दोन वर्षांचा कोर्स आहे, संवादशास्त्र. मी फॉर्म भरला.

बाबा म्हणाले, "बोलाय शिकाय विद्यापीठात? तुना काय मुकी जन्माला घातली का आमी?"

सकाळची ड्युटी, मग दोन रिक्षा आणि एक बस, मग वर्ग. पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर चित्र काढलं. इकडं बोलणारा, तिकडं ऐकणारा, मधे बाण. बाणावर वेड्यावाकड्या रेघा. म्हणाल्या, हा गोंगाट. गोंगाट आला की संवाद तुटतो.

मी हात वर केला. "मॅडम, आमच्यात गोंगाटातच बोलतात. तुटत न्हाय."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "पहिलं म्हणजे, नाही. न्हाय नाही. दुसरं, आवाज जरा खाली. आम्ही इथंच बसलोय."

दोन वर्षं हेच. आवाज खाली. आवाज खाली. मी आवाज इतका खाली नेला की तळमजल्यावर जाऊन शोधावा लागेल. 'हाय'चं 'आहे' केलं. एकदा घरी चुकून तोंडातून 'आहे' निघालं, तर बाबा दाराकडं बघायला लागले, कोण परकं आलंय म्हणून.

पण खोटं कशाला बोलू, शिकलेही. एक वाक्य कुठं कापलं की माणूस खोटा ठरतो, ते शिकले. बातमीत कुणाचं नाव येतं आणि कुणाचा नुसता 'एक कामगार' होतो, ते शिकले. आणि हे शिकले की ज्याचा आवाज घ्याल त्याची सही घ्या. तो आवाज कुठं, कसा वापरणार ते आधी सांगा. त्या दिवशी वहीत मी त्याखाली दोन रेघा मारल्या. मॅडमनीच शिकवलं होतं. त्या विसरल्या. मी विसरले नाही.

शेवटच्या वर्षाला वीस मिनिटांचं श्राव्य काम करायचं होतं. मी बाबांना घेऊन त्यांच्या जुन्या शेडमध्ये गेले. लूम भंगारात गेले होते. नुसती जमीन, त्यावर तेलाचे काळे चौकोन. इतकं शांत की पाल चालली तर पाय मोजता आले असते. आणि त्या शांततेत बाबा ओरडून बोलत होते. त्यांना दुसरं येतच नाही.

मी विचारलं, शेटशी कधी बोललात का? बाबांनी मग एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आईलाही सांगितली नव्हती.

शेडच्या कोपऱ्यात शेटची काचेची केबिन होती. एकदा तिथं कोणी व्यापारी आला. त्यानं शेटला विचारलं, एवढ्या आवाजात या लोकांचे कान जात नाहीत का? बाबा समोरच्या लूमवर होते. शेट हसून म्हणाला, "कान जाए तो जाए. इनके पास सुनने लायक है ही क्या?"

बाबांनी ते काचेतून वाचलं. मग खाली वाकले आणि धागा जोडला.

टेपवर बाबा म्हणतात, "शेटचा आयकाय न्हाय यायचा. पन सगला दिसायचा. दिसला मना. पन दिसला असा दाखवला न्हाय."

 मग बाबांचा श्वास. तो मी कापला नाही.

म्हणजे आता कळलं ना, मॅडम काय खाली दाबणार होत्या? तो श्वास. ते वाक्य. त्यावर माझ्या वर्गातल्या सायलीचा गोड आवाज फिरणार होता, "भिवंडीच्या या यंत्रांनी किती आयुष्यं विणली..." असं काहीतरी. आणि बाबा मागं गोंगाट म्हणून.

पुन्हा स्टुडिओत या. हेडफोनात "किती अस्सल!" अजून वाजतंय. मॅडम काचेतून हसतायत. मीही हसले. सवय. मान खाली जायला लागली. खरंच जायला लागली. मला माझी मान दिसत होती आणि तिच्या जागी बाबांची मान दिसत होती, लूमवर वाकलेली.

मी मान वर केली. काचेकडं तोंड केलं आणि शेडमध्ये बोलतात तशी बोलले. ओठ ताणून. आवाज शून्य. त्यांचीच वाक्यं त्यांना परत.

मॅडमनी बटण दाबलं. "अगं, ऐकू येत नाहीये. काय म्हणतेस?"

मी पुन्हा तसंच. नुसते ओठ.

मॅडम म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोल ना!"

दोन वर्षांत पहिल्यांदा.

मग बोलले मोठ्यानं. शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला बोलावं तसं. "हिचा आवाज म्हणजे गोडाउन! गोष्ट ठेवू, हिला काढू! म्हाताऱ्याला खाली दाबू! मागे गोंगाट म्हणून बरा वाटेल!" काच तडकली असं मी सगळ्यांना सांगते. तडकली नाही. पाहुण्या सरांनी हेडफोन मात्र कानावरून उपटून टेबलावर टाकले.

मॅडम दार उघडून आत आल्या. चेहरा पांढरा. पहिला प्रश्न काय विचारला असेल? माफ कर? नाही. म्हणाल्या, "आमचा माइक चालू राहिला होता का?"

"न्हाय मॅडम. माइक बंद होता. तुमचे ओठ चालू होते."

त्या म्हणाल्या, गैरसमज होतोय. श्रोत्यांचा विचार करावा लागतो. तुझ्याच भल्यासाठी. मी त्यांच्या ओठांकडं बघत होते. मधाळपणा ओठांवर नसतो, तो नुसता आवाजात असतो. ओठांवर शेट दिसत होता.

मी पिशवीतून बाबांच्या सहीचा कागद काढला. "बाबांनी सही त्यांच्या आवाजासाठी केलीय. दुसरीच्या आवाजाखाली घालायला न्हाय. वाचीन तर मी वाचीन. नायतर हे काम बाहेर जाणार नाही."

"मग मार्कांचं मला काही सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"सांगू नका. दाखवा."

दाखवले. पास होण्यापुरते. पाहुण्या सरांच्या कार्यक्रमात दुसऱ्या कुणाचं काम गेलं. सायली नंतर भेटली. म्हणाली, "मला खरंच काही माहीत नव्हतं गं." मी तिच्या ओठांकडं बघितलं. खरं बोलत होती. तरी माझा संशय गेला नाही. तो आता जात नाही. दुधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत मी सगळ्यांचे ओठ तपासते.

घरी बाबांनी विचारलं, "मॅडम काय बोलल्या?"

मी ओरडले नाही. समोर बसून नुसत्या ओठांनी सगळं सांगितलं. आणि मी काय बोलले तेही. बाबांनी शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, "मंग तू दाखवलास? दिसला म्हनून?"

मी मान हलवली.

ते उठले, पाणी प्यायले. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते त्यांच्या ओठांवरून मला वाचता आलं नाही. एवढं एकच.

पदवी मिळाली. मी अजून पूर्णालाच आहे, त्याच लाइनवर. लाइनवरच्या पोरी विचारतात, "ताई, हा कोर्स करण्यात काय अर्थ हाय का?" मी सांगते, हाय. जा. फॉर्म भरा. आपल्याला गप्प कसं करतात ते तिथं नीट, पायरी पायरीनं शिकवतात. ते शिकून घ्या. फक्त ते आपलं भलं करायला बसलेत, हे मानू नका. आणि आवाज खाली करा म्हणाले तर का, ते विचारा. मोठ्यानं.

मी पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय, शिकवायची पात्रता देणारी ती. नापास झाले तर पुन्हा भरीन. मला त्या काचेच्या पलीकडं, बटणांच्या टेबलापाशी बसायचंय. बसले की पहिल्या दिवशी माझ्या आवाजातली ती वीस मिनिटं वर्गात लावणार, बाबांच्या श्वासासकट. आणि काचेच्या अलीकडं माइकसमोर कुणी घाम पुसत बसलं असेल, तेव्हा तिच्याविषयी जे बोलायचं ते काचेकडं तोंड करून बोलणार, ओठ ताणून.