शिवणीत राखलेलं कापड

शनिवारी सकाळी पाटीलवहिनींचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. पाटीलवहिनी म्हणजे माझ्या कुसुममावशीच्या, कल्याणजवळच्या मोहन्यातल्या घरमालकीण. त्या कधी फोन करत नाहीत, त्यामुळे नाव दिसल्याबरोबर मी हुज्जत सोडून फोन घेतला. "नंदाताई, लवकर ये गो," त्या म्हणाल्या, "तुजी मावशी गेली." रोजच्यासारखा सकाळचा चहा घेऊन त्या गेल्या, तर मावशी खाटेवर आडवी, चष्मा डोळ्यांवर तसाच, जणू काम करता करता जरा पाठ टेकावी... जुडी तिथेच टाकून मी रिक्षा धरली. शहाडचा पूल ओलांडून मोहन्याला पोचेपर्यंत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आदल्याच संध्याकाळी तिने फोन करून मला बजावलं होतं, की गेल्या रविवारी वर्गात तू जे सांगितलंस ते मला पटलेलं नाही, या रविवारी परत विचारणार आहे, नीट तयारी करून ये. पंच्याहत्तरी उलटलेली बाई, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांमध्ये उभी राहून मला प्रश्न विचारणार होती. आणि आता म्हणे ती नाही. मला आधी रडू आलं नाही, रागच आला.

या वर्गाचं जरा सांगायला हवं. आम्हा ख्रिस्ती लोकांत तान्हेपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा बाळाच्या वतीने आईबापच 'होय' म्हणतात. मूल कळतं झालं की ते 'होय' त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, त्याला दृढीकरण म्हणतात. त्याच्या आधी काही महिने मुलांचा वर्ग चालतो. आमच्या कल्याणच्या चर्चमध्ये तो वर्ग गेली कित्येक वर्षं मी घेते. मी घ्यायला लागले त्याच वर्षी मावशी वही-पेन्सिल घेऊन शेवटच्या बाकावर येऊन बसली. मला वाटलं, भाचीचं कौतुक बघायला आली असेल, दोन रविवार बसेल नि कंटाळेल. ती शेवटपर्यंत बसली. पुढच्या वर्षी नवी मुलं आली, त्यांच्याबरोबर ही पुन्हा हजर. मी म्हटलं, अगं, तुझं दृढीकरण होऊन जमाना लोटला. त्यावर तिने नगरकडच्या तिच्या गावचे जुन्या पाद्रीसाहेबांचं सांगितलं. प्रश्न त्यांचे, उत्तरंही त्यांचीच, आणि पोरींनी घडाघडा म्हणून दाखवायचं, चुकलं की छडी. "पोपट होतो गं आम्ही," ती म्हणाली, "आता माणूस म्हणून बसते."

मावशी शिवणकाम करायची. मोहन्यातला मोठा कारखाना चालू होता तेव्हा तिथल्या अर्ध्या बायकांची पोलकी तिच्या मशीनवरून गेलेली. दृढीकरणासाठी मुलींचे पांढरे झगे आणि मुलांचे पांढरे शर्ट मात्र ती हट्टाने स्वतःकडेच घ्यायची, आणि प्रत्येक कपड्याच्या शिवणीच्या आत भरपूर जादा कापड राखायची, खाली चार बोटं दुमड ठेवायची. आया कुरकुरायच्या. एक दिवस घालायचा झगा, त्यात एवढं कापड कशाला गाडायचं? मावशी कोणाचं ऐकेल तर शपथ. तिचा नियमच होता, की दरवर्षी दृढीकरणाच्या रविवारी जुन्या मुलामुलींनी तेच कपडे घालून गायनमंडळात उभं राहायचं. वर्षभरात पोरं वाढलेली असायची, म्हणजे कपडा उसवून सैल करायला मोहन्याला जाणं आलंच. उसवायची मजुरी ती घ्यायची नाही. मजुरीच्या बदल्यात एक प्रश्न द्यायचा. विश्वासाबद्दलचा, खराखुरा, आणि नवा. मागच्या वर्षीचा आणला तर ती कपडा परत हातात द्यायची आणि सांगायची, वर्षभर काय झोपला होतास का रे? जा, काहीतरी वाच नि मग ये. किती मुलं त्या निमित्ताने कॉलेजात गेल्यावरही शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडत राहिली असतील, मला खरंच सांगता येणार नाही. सगळी नाही. पण तिच्याकडे येणारी थांबली नाहीत, आणि चौदाव्या वर्षी सर्टिफिकेट घेऊन गुडूप होणाऱ्या पोरांचं प्रमाण आमच्याकडे कमीच राहिलं, एवढं मी छातीठोक सांगते.

आईबापांचं विचारू नका. दरवर्षी कोणीतरी फोन करतंच, की बाई, नववीचे क्लासेस आहेत, तुमचा वर्ग जरा लवकर उरकता येईल का? उरकता! एकदा मी असंच तणतणत मावशीकडे गेले, तर ती शांतपणे बॉबिन भरत म्हणाली, की अगं, त्यांचंही त्यांच्या आईबापांनी उरकलेलंच होतं ना, त्यांना काय ठाऊक पुढे काय असतं ते. आणि चर्चच्या कमिटीने तर कहरच केला. मावशीचा सत्कार ठरवला, शाल, श्रीफळ, फोटो. भाषणं ऐकून घेतल्यावर ती उठली आणि माईकसमोर म्हणाली, "म्हणजे आता मी वर्गात येऊ नको, असं का?" सगळे हसले, पण ती हसत नव्हती. पुढच्या रविवारी ती शाल घडी करून शेवटच्या बाकावर अंथरलेली दिसली. बाक फार टोचतो म्हणाली. सत्काराचा तेवढाच उपयोग तिने केला.

आता माझ्या लेकीकडे येते, कारण त्याच्याशिवाय मावशीबद्दल लिहिणं म्हणजे लग्नाला जाऊन नुसती रांगोळी बघून येणं. स्नेहल ठाण्याला इंजिनिअरिंग करते. शेजारच्या ब्लॉकमधली प्राजक्ता ही तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. गणपतीत आमच्याकडे मोदकांचं ताट येतं ते प्राजूच्या हातून, आणि नाताळच्या करंज्या लाटायला तीच पहिली हजर. स्नेहलला टायफॉईड झाला तेव्हा या पोरीने स्वतःचा अभ्यास सांभाळून हिच्या सगळ्या जर्नल्स लिहून काढल्या. तर मागच्या वर्षी एकदा जेवताना स्नेहलने ताटावरची नजर न उचलता विचारलं, "आई, तू वर्गात शिकवतेस ना, प्रभूशिवाय तारण नाही... मग प्राजूचं काय?" मी वर्गात देते तेच उत्तर दिलं, की शास्त्रात तसंच लिहिलंय, आपण तिच्यासाठी प्रार्थना करायची. इतकी वर्षं देते आहे, तोंडपाठ आहे. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हेच तू मला नववीतही सांगितलेलंस. मी तेव्हा पाठ केलेलं." ताट उचलून ती आत गेली. त्यानंतर तिने चर्चला येणं सोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. रविवारी सकाळी तिच्या खोलीचं दार बंद, बस्स. ज्या बाईने दुसऱ्यांच्या शेकडो पोरांना शिकवलं तिच्या घरात हे. लोक विचारायचे, स्नेहल दिसत नाही? मी परीक्षा सांगायचे. मला रात्रंदिवस एकच भीती, की ही आता कायमची गेली.

नंतर कधीतरी ती पांढरा झगा पिशवीत कोंबून मोहन्याला गेली. मला कळलं ते बऱ्याच दिवसांनी, तिच्याच तोंडून. तिला झगा कापून त्याचा टॉप करून हवा होता, नाहीतरी तो आता काय कामाचा, असं ती म्हणालेली. मावशीने नेहमीसारखी मजुरी मागितली. स्नेहलने तोच प्रश्न टाकला, थोड्या गुर्मीतच, कारण आता आजी पण तेच पाठ केलेलं ऐकवणार याची तिला खात्री होती. मावशीने तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या. "हा प्रश्न मलापण आहे गं," ती म्हणाली. "पाटीलवहिनी रोज सकाळी चहा आणून देते, तेव्हापासून आहे. मला उत्तर येत नाही. बसतेस का? मिळून शोधू." स्नेहल चाट पडली. एवढं वय झालेल्या, एवढी वर्षं वर्गात बसणाऱ्या बाईला येत नाही, आणि ती तसं बिनदिक्कत सांगते? त्या दिवशी झगा कापायचा राहूनच गेला. मग दर आठवड्याला पोरगी कॉलेज सुटल्यावर मोहन्याला. स्नेहल शास्त्र मोठ्याने वाचायची, मावशी भिंग घेऊन ओळीवर बोट फिरवायची. एका परक्या देशाच्या बाईने प्रभूशी वाद घातला आणि प्रभूने तिचंच कौतुक केलं, त्या एका प्रसंगावर म्हणे त्या महिनाभर अडून होत्या. स्नेहल ठाण्याहून लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं आणायची. मधूनच पाटीलवहिनी चहा घेऊन आल्या की त्यांनाही मत विचारलं जायचं, आणि त्या दोघींनाही वेड्यात काढायच्या.

हे समजल्यावर मी खूश व्हायला हवं होतं ना? मी तणतणत मोहन्याला गेले. सरळ सांगितलं, की मावशी, तिला चर्चमध्ये परत आण म्हणून मी प्रार्थना करते आहे आणि तू तिच्याबरोबर बसून प्रश्न वाढवते आहेस. हेवाही वाटत होता, तो बोलले नाही, पण तिला दिसला असणार. तिने माझ्यापुढे चहा सरकवला. "नंदे, तुझं उत्तर चूक नाही," ती म्हणाली. "तोकडं झालंय. पोरगी वाढली आणि तू अजून तिला नववीतलाच झगा घालतेस. मग तिने हात कसा वर करायचा?" मी कप उचलला. चहा सगळा प्यायले. पण वर्गात पुढेही मी तेच शिकवलं, अगदी तिच्या शेवटच्या रविवारपर्यंत. तेच तिला पटलेलं नव्हतं.

शनिवारीच तिला माती दिली आणि संध्याकाळी मी आणि स्नेहल तिच्या खोलीवर गेलो. मशीनवर स्नेहलचा झगा होता. एक बाजू उसवून, सैल करून शिवून झालेली, दुसऱ्या बाजूला नुसत्या टाचण्या. म्हणजे शुक्रवारी तिने हेच काम अर्ध्यावर ठेवलं होतं. झगा वरून पिवळट पडलेला, पण आत राखलेल्यातलं उरलेलं कापड इतक्या वर्षांत उजेडात आलंच नव्हतं, ते अजून स्वच्छ पांढरं होतं, त्यामुळे शिवणीच्या कडेला बोटभर रुंद पांढरा पट्टा दिसत होता. मी विचारलं, कापून टॉप करायचा होता ना? स्नेहल म्हणाली, तो बेत कधीच रद्द झालेला, येत्या दृढीकरणाला गायनमंडळात उभी राहते असं मी आजीला सांगितलेलं, तुला इतक्यात सांगायचं नव्हतं. मग मात्र मी त्या खाटेवर बसून जी रडले... स्नेहल मशीनवर बसली. तिला शिवता येत नाही. पाटीलवहिनींनी सुईत दोरा ओवून दिला आणि कापड कसं धरायचं ते दाखवलं. ती दुसरी शिवण वाकडीतिकडी झाली, दोनदा दोरा तुटला, पण तिने ती पुरी केली.

दुसऱ्याच दिवशी रविवार होता, वर्ग घेऊ नका, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पाद्रीसाहेब म्हणाले, एक आठवडा विश्रांती घ्या. कमिटी म्हणाली, मुलांनाही जरा मोकळीक. मी म्हटलं, मोकळीक ती कशापासून? मावशीला नुसतं सांगून तरी बघा, की तुमच्या मरणामुळे वर्ग बुडाला. मी वेळेवर दार उघडलं. फळा पुसला. मुलं येऊन बसली, आणि एकेक जण मागच्या बाकाकडे बघून मान वळवत होता. शाल घडी करून तिथेच होती. मी धडा सुरू करणार तेवढ्यात स्नेहल आत आली. तो झगा, खाली जीन्स, खांद्याला कॉलेजची सॅक. कोणाकडे न बघता ती शालीवर जाऊन बसली. माझ्या हातातला खडू तसाच राहिला. मी नेहमीच्या सवयीने विचारलं, मागच्या वेळचं कोणाचं काही राहिलंय का?

तिने हात वर केला. वाकड्या शिवणीच्या बाजूचाच. पूर्ण वर गेला, कुठे ओढलं नाही.

"राहिलंय," ती म्हणाली. "आजीचा प्रश्न. शेजारच्या, चांगल्या माणसांचं काय?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. पाठ केलेलं उत्तर तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं आणि खडू खाली ठेवला.

"मला येत नाही," मी म्हटलं. "शास्त्र काढा. मिळून शोधू."